नवऱ्याची परवानगी

११ एप्रिल १८३०, रविवार
वारा उत्तरेचा. रस्त्यात घोटाभर चिखल.

एकोणीस वर्षं मी या वहीत हवा आणि काम एवढंच लिहीत आलो. किती पिंपं बांधली, ओकच्या फळ्या कितपत वाळल्या, कालवा कधी गोठला, कधी सुटला. आज वेगळं काही लिहितोय, कारण ते कुणाशी बोलता येत नाही.

केझाया चर्चला आली नाही. लग्नाला वीस वर्षं झाली. बाळंतपणं आणि ताप सोडले तर आमच्या बाकावरची तिची जागा कधी रिकामी राहिली नव्हती. माझा थोरला भाऊ इलायफॅलेट तिथला डीकन, म्हणजे चर्चचा कारभारी; पिठाची गिरणीही त्याचीच. त्यानं मान वळवून आधी त्या जागेकडं पाहिलं, मग माझ्याकडं. बाहेर पडताना म्हणाला, "केझाया बरी आहे ना?" मी म्हणालो, डोकं दुखतंय. देवाच्या दारात खोटं बोललो.

घरी आलो तर ऑर्फा एकटीच. सोळा वर्षांची झाली, आईसारखंच सरळ डोळ्यांत बघून बोलते. म्हणाली, "आई टॅल्कटांकडं गेलीय. ते नवं पुस्तक वाचतात ना, ते ऐकायला."

जेरेड टॅल्कट म्हणजे ओढ्याकाठचा जोडे शिवणारा. पलीकडच्या तालुक्यातल्या कुणा शेतकऱ्याच्या पोराला म्हणे डोंगरात सोन्याचे पत्रे सापडले आणि त्यांतून हे पुस्तक निघालं. गावात सगळे त्या लोकांना सोनपोथीवाले म्हणून हसतात. परवापरवापर्यंत मीही हसत होतो.

१२ एप्रिल
सात पिंपं बांधली. दोन गळकी निघाली. माझ्या हातची पिंपं गळत नाहीत.

संध्याकाळी विचारलं, "कशाला गेली होतीस?"

"ऐकायला."

"आपले पाद्री कमी बोलतात का?"

"पाद्री व्हिटलसी पुष्कळ बोलतात. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतही बोलले होते."

 फळ्या झाकायच्या राहिल्यात म्हणून बाहेर गेलो. फळ्या झाकलेल्याच होत्या.

आमचा एबेन गेला तेव्हा नऊ आठवड्यांचा होता. त्या फेब्रुवारीत मैद्याच्या पिंपांची घाई होती. एवढंच लिहितो.

२ मे, रविवार
टॅल्कट स्वतः घरी आला. मला वाटलं, आता प्रवचन झोडणार. मी बाह्या सरसावूनच बसलो होतो. पण तो आधी ऑर्फाच्या बुटाची उसवलेली टाच बघत बसला. मग म्हणाला, "मिस्टर बर्डसॉल, तुमच्या मिसेसना बाप्तिस्मा घ्यायचाय. आमच्यात नवऱ्याच्या परवानगीशिवाय लग्न झालेल्या बाईला पाण्यात उतरवत नाहीत. म्हणून विचारायला आलो."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर नाही."

"मग नाही."

"ठीक आहे," म्हणाला. सफरचंदाचा सायडर प्यायला, त्याला पिंपाची चव छान लागलीय म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. केझाया पेले धूत होती. धुतलेला पेला तिनं पुन्हा धुवायला घेतला. समजली असावी. आज तीन आठवड्यांत पहिल्यांदा निर्धास्त झोप लागेल.

३ मे
झोप लागली नाही.

२६ जून, शनिवार
उकाडा. कालव्यात पाणी कमी, नावा खरडत जाताहेत.

उद्या सोनपोथीवाले सहा जणांना बाप्तिस्मा देणार. त्यासाठी टॅल्कटच्या घरामागं ओढ्याला ओंडके आणि माती घालून बांध घातलाय, कमरेइतकं पाणी साचलंय. केझाया त्या सहांत नाही. पण ऑर्फा सांगत होती, आई दुपारी जाऊन काठावर बसली होती, पाय पाण्यात सोडून.

चारच्या सुमाराला इलायफॅलेट आला. सोबत गिरणीवरचे दोघे.

"झीनस, दोन पहारी दे. मोठा हातोडाही दे."

"कशाला दादा?"

"तुला कळण्याची गरज नाही. येतोस?"

"मला पिंपांच्या कड्या ठोकायच्या आहेत."

"ठोक बाबा. तुझ्या बायकोसाठी आम्ही घाम गाळतो, तू कड्या ठोक."

मी अवजारं दिली. नुसती दिली, गेलो नाही. अवजार कुणी मागितलं तर गावात कोण नाही म्हणतं?

२७ जून, रविवार
बांध फोडला. फोडताना टॅल्कट धावत आला आणि ओंडका धरून पाण्यातच उभा राहिला म्हणे. कुणाचा तरी घाव त्याच्या उजव्या हातावर बसला. पाद्रींनी आज पिकातल्या तणावर प्रवचन दिलं. इलायफॅलेट मान खाली घालून ऐकत होता, एरवी त्याची मान ताठ असते.

केझायानं दुपारी स्वयंपाक केला. मक्याची भाकरी, खारं मांस, सगळं वेळेवर. माझ्या ताटात वाढून ती स्वतः न जेवताच बाहेर गेली. उन्हाचा त्रास असेल.

३० जून
कामावर असताना दारात सावली पडली. टॅल्कट. उजवा हात फडक्यात कोपरापर्यंत गुंडाळलेला, डाव्या हातात माझी पहार. तिच्यावर माझी खूण कोरलेली आहे, लपवण्यासारखं काही नव्हतं.

"ओढ्यात पडली होती," तो म्हणाला. "गंजेल म्हणून पुसून, तेल लावून आणली."

"हात..."

"दोन बोटं जातील म्हणतात. डाव्या हातानं टाके घालायला शिकतोय. वेडेवाकडे पडतात. पण गिऱ्हाईकच लंगडं असलं तर त्याला काय कळतंय!"

तो हसला. मला हसू आलं नाही. "घाव कुणाचा होता?"

"मी पाण्यात होतो हो. पाणी गढूळ झालं होतं."

त्यानं पहार भिंतीला टेकवली आणि गेला. वळून पाहिलं तर केझाया अंगणात उभी, हातात धुण्याची बादली. किती वेळ उभी होती देव जाणे.

"त्यांनी पहारी नेल्या तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"इथंच."

"हं," म्हणाली आणि धुणं वाळत घालायला गेली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

१४ ऑगस्ट
टॅल्कटच्या कुंपणावर सफरचंदांची टोपली ठेवून आलो. हाक मारली नाही.

९ ऑक्टोबर
मेपलची पानं लाल झालीत. फळ्या चिरण्याचं काम.

दोन महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडत नाही, आणि तीच भीती वाटते. केझाया घरातलं सगळं करते. माझे मोजे रफू करते, ऑर्फाला सूतकताई शिकवते. परवानगीचा विषय पुन्हा काढला नाही. पण खुंटीवर तिची शाल दिसली नाही की मी तिला शोधत अंगणभर फिरतो. ती शाल आहे का हे बघायला मी दिवसातून पाचसहा वेळा घरात येतो आणि काहीतरी निमित्त सांगतो. कालच्या दिवसात तीनदा पाणी प्यायलो.

आज टॅल्कट बूट द्यायला आला होता. मी खिडकीखाली फळ्या रचत होतो. केझाया हलक्या आवाजात त्याला विचारत होती, "पण समजा, थंडी फार होती म्हणून एखाद्या आईनंच मूल बाप्तिस्म्याला नेलं नाही. ऊब सोडवत नव्हती तिला. मग?" टॅल्कट म्हणाला, "लहान मुलाच्या अंगावर कसलंच पाप नसतं, मिसेस बर्डसॉल. त्याला पाणी लागत नाही. ते आधीच देवाचं असतं. मग थंडी असो की ऊन."  मग ती नाक ओढत असल्याचा आवाज आला.

कुठल्या बाईचं सांगत होती कुणास ठाऊक. गावात अशी कोण आहे, डोक्यात येईना.

२१ नोव्हेंबर, रविवार
पहिलं हिम. टिकलं नाही.

प्रार्थनेनंतर पाद्री व्हिटलसी आणि इलायफॅलेट घरी आले. पाद्री टेबलाशी बसले. केझायानं चहा ठेवला. त्यांनी चहाला हात न लावता सांगितलं की सात महिने चर्चला न आल्याबद्दल तिचं नाव सभासदांतून काढावं लागेल; पण तिनं पश्चात्ताप केला तर अजूनही...

"कशाचा पश्चात्ताप?" केझाया म्हणाली.

"केझाया, उलट बोलू नकोस," इलायफॅलेट म्हणाला.

"मोठे भाऊजी, मी प्रश्न विचारला. उलट कुठं बोलले?"

मी मध्ये पडायला तोंड उघडलं. सांगणार होतो की पाद्रीसाहेब, तिची समजूत मी घालतो. पण तोंडातून निघालं भलतंच. "साहेब, आमच्या एबेनचं काय?"

 तीन वर्षांत ते नाव मी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. ऑर्फानं हातातली सुई खाली ठेवली.

पाद्री वाईट माणूस नाहीत. त्यांनी डोळे मिटले, विचार केला. मग म्हणाले, "झीनस, मूल बाप्तिस्म्याविना गेलं. देवानं जे सांगितलं नाही ते मी कसं सांगू? त्यानं कुणाला निवडलंय ते त्यालाच ठाऊक. आशा ठेवायला हरकत नाही."

तीन वर्षांपूर्वी, एबेनच्या खड्ड्याच्या काठावर, ते अगदी हेच बोलले होते. शब्द न् शब्द. तेव्हा मी मान डोलावली होती. आज मी उठून त्यांचा कोट खुंटीवरून काढला आणि त्यांच्यापुढं धरला.

"साहेब, रस्ता गोठायच्या आत निघा."

इलायफॅलेटचा चेहरा भाजलेल्या विटेसारखा झाला. ते गेल्यावर केझाया माझ्याकडं बघत उभी राहिली. मला वाटलं, आता ती तो जुना हिशेब काढणार, एबेनच्या वेळचे ते दोन रविवार. म्हणून मी घाईनं बाहेर गेलो.

५ डिसेंबर, रविवार
न्याहारी करताना म्हणालो, "घे तुला काय घ्यायचाय तो बाप्तिस्मा."

"तुम्हाला पटलं म्हणून म्हणताय का?"

"नाही. डोंगरातल्या सोन्यावर माझा विश्वास नाही. तुझ्यावर आहे."

ती उठली आणि पाठ फिरवून चूल सारखी करत राहिली. चूल सारखी करण्यासारखं काही नव्हतं. ऑर्फानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. चुकून की मुद्दाम, कळलं नाही.

१७ डिसेंबर
दोन दिवस ओढ्यात आहे. कंबर मोडली.

टॅल्कटच्या माणसांनी बांध घालायला घेतला होता, पण धड कुणाला जमेना. पाणी कुठून झिरपतं ते त्यांना दिसतच नाही. मी म्हटलं, बाजूला व्हा. पंचवीस वर्षं मी पाणी अडवण्याचंच काम केलंय. ओंडके नीट तासून घट्ट बसवले, फटींत लव्हाळ्याची पात ठोकली, वरून चिकणमाती आणि गवताची ढेकळं. टॅल्कट डाव्या हातानं माती टाकत होता. पाणी सुरीसारखं कापतं. दुसऱ्या दिवशी गुडघ्याखाली माझे पाय माझे वाटत नव्हते.

एकदा तो म्हणाला, "बर्डसॉल, तुम्ही आमच्यातले नाही आणि बांध मात्र आमच्यापेक्षा चांगला घालता."

"बोलू नकोस. माती दाब."

१९ डिसेंबर, रविवार
लिहायला बसलोय पण बोटं वळत नाहीत. तरी लिहितो.

दहाच्या सुमाराला वीसेक लोक काठावर जमले. पाण्याच्या कडेला पापुद्र्यासारखा बर्फ, तो काठीनं फोडला. केझाया जुन्या करड्या झग्यात, केस बांधलेले. तेवढ्यात रस्त्यानं बारा-तेरा माणसं आली. पुढं इलायफॅलेट. खांद्यांवर कुऱ्हाडी.

मी बांधावर उभा होतो. खाली उतरायला हवं की नको, ठरवायला वेळच मिळाला नाही. पाय तिथंच राहिले.

"झीनस, बाजूला हो," दादा म्हणाला.

"दादा, हा बांध माझा आहे."

"त्यांचा आहे."

"माझ्या हातचा आहे. ओंडका न् ओंडका. फोडायचा तर आधी मला पाण्यात टाकावं लागेल. आणि मला पोहता येत नाही हे तुला ठाऊक आहे. लहानपणी तूच दोनदा बाहेर काढलंयस."

मागं कुणीतरी हसलं. दादाला हसू आलं नाही. त्याची नजर टॅल्कटच्या हातावर गेली. जिथं दोन बोटं असायला हवीत तिथं आता गुळगुळीत कातडी आहे. कितीतरी वेळ तो तिकडंच बघत राहिला. घाव कुणाचा होता ते मला तेव्हा कळलं. कुणी सांगितलं नाही.

"यापुढं गिरणीची पिंपं दुसरीकडून येतील," तो म्हणाला. मग वळला. बाकीचे थोडं घुटमळले आणि त्याच्यामागं गेले.

टॅल्कटनं केझायाचा हात धरून तिला पाण्यात नेलं. ती पूर्ण खाली गेली तेव्हा मी श्वास रोखला होता, आणि वर येईपर्यंत तो सोडता आला नाही. वर आली ती थंडीनं निळी, दातांवर दात आपटत, आणि हसत होती. तसं हसताना मी तिला ऑर्फाच्या जन्मानंतर पाहिलं नव्हतं. घोंगडी घेऊन मीच धावलो. आता हे संपलं, असं वाटलं.

१६ जानेवारी १८३१, रविवार
संपलं नाही. सोनपोथीवाल्यांना त्यांच्या पुढाऱ्याचा हुकूम आलाय. सगळ्यांनी घरंदारं सोडून वसंतात ओहायोला जमायचं. तीनशे मैल. केझायानं वाचून दाखवलं आणि कागद घडी करून ठेवला.

"तू जाणार?"

"तुम्ही सांगा."

"मी काय सांगणार!"

दोघं एकमेकांकडं बघत बसलो, जसे अनोळखी प्रवासी नावेत बसतात.

३ फेब्रुवारी
ऑर्फा येणार नाही. शाळामास्तर लूथर ॲडकिन्सनं तिला मागणी घातलीय आणि तिनं होकार दिलाय. मी विचारलं, तुला आईचा धर्म पटत नाही का? म्हणाली, "बाबा, मला लूथर पटतो." लग्न मार्चमध्ये.

माझं असं ठरलंय: केझायाला कालव्याच्या टोकाशी, बफेलोच्या बंदरापर्यंत पोचवायचं. तिथून ती त्या लोकांबरोबर जहाजानं सरोवरातून जाईल, मी परत येईन. दुकान आहे, ऑर्फा आहे. शरदात जाऊन भेटून येईन. केझायाला सांगितलं. ती "बरं" म्हणाली. इतक्या सहज म्हणाली की मला राग आला.

२४ एप्रिल, रविवार
कालवा सुटला. उद्या नाव.

सामान बांधून झालं. दुपारी मी स्मशानात गेलो. एबेनच्या दगडाभोवतीचं गवत काढलं. मला वाटलं होतं केझाया तिथंच असेल. नव्हती. घरी येऊन विचारलं, "जाऊन आलीस का?"

"कुठं?"

"एबेनकडं."

ती भांड्यांत पेंढा भरत होती. "तो तिथं नाही," एवढंच म्हणाली आणि भरत राहिली.

आई असून इतकी कोरडी! एकदा वळूनही पाहू नये? मी मात्र पुन्हा एकदा जाऊन आलो. आपण गेलो तर त्या गवताकडं कोण बघणार, हा विचार डोक्यातून जाईना. मी तर परतच येणार आहे, तरी.

२५ एप्रिल
ऑर्फानं निरोप देताना रडायचं नाही असं ठरवलं होतं. ती नाही रडली. मी रडलो. लूथर बिचारा मला रुमाल देऊ की नको अशा विचारात टोपी चुरगळत उभा.

नाव सुटायला आली आणि काठावर इलायफॅलेट दिसला. डिसेंबरपासून आमचं बोलणं नाही. खांद्यावर मैद्याचं पोतं. त्यानं ते आमच्या सामानावर ठेवलं, केझायाला म्हणाला, "केझाया, मैदा पाण्यापासून जप. भिजला तर गोळे होतात." माझ्याकडं पाहिलं नाही. पण नाव हलली तेव्हा तो काठाकाठानं शंभर पावलं तरी चालत आला.

४ मे, बफेलो
सरोवर बर्फानं भरलंय. बंदराच्या तोंडाशी वीस-वीस फूट उंच ढीग. जहाजं अडकलीत. पावसात गारा. आमच्या जथ्यातली दोन मुलं आजारी आहेत.

राहायला खोली मिळेना. एका खाणावळीत मालकीणबाई दार धरून उभी. "एक खोली आहे. पण आधी सांगा, तुम्ही त्या सोनपोथीवाल्यांतले नाही ना? त्यांना मी पायरी चढू देत नाही."

मी घाईनं म्हणालो, "मी नाही बाई." त्यात खोटं काहीच नव्हतं.

"आणि ह्या?"

केझायाच्या शालीतून पाणी ठिबकत होतं. दोन दिवसांपासून तिला खोकला आहे. मनात म्हटलं, नाही म्हण. एक शब्द. देव समजून घेईल.

"मी आहे," केझाया म्हणाली.

"मग तुम्ही बाहेर. साहेब आत येऊ शकतात."

"मी तिचा नवरा आहे," मी म्हणालो.

"मग?"

"मग काही नाही," असं म्हणून मी पेटी उचलली.

धक्क्यावर उलट्या घातलेल्या होडीखाली आम्ही आसरा घेतलाय. गुडघ्यावर वही ठेवून लिहितोय. टॅल्कट सगळ्यांना गरम पाणी वाटत फिरतोय. केझाया खोकते तेव्हा मी लिहिणं थांबवून तिच्याकडं बघतो.

६ मे
आज सांगितलं तिला.

ती दुपारी होडीखाली पडून होती, अंग तापलेलं. मी तिचे पाय चोळत होतो आणि वाटलं, ही अशीच गेली तर हे माझ्याजवळच राहील. म्हणालो, "केझाया, एबेनचा बाप्तिस्मा मी लांबवला. तू दोनदा आठवण केली होतीस. मी म्हणालो, पिंपांची घाई आहे, पुढच्या रविवारी. ती पिंपं दोन दिवस उशिरा गेली असती तर जग बुडालं नसतं. तू मला कधी बोलली नाहीस. बोल आता."

ती उठून बसली. माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू मी परक्या भाषेत बोललो.

"तुमचा पहिला रविवार होता," ती म्हणाली. "दुसऱ्या रविवारी तुम्ही घोडा जोडला होता. विसरलात? दाराशी आणून उभा केला होता. मीच म्हणाले, बाहेर फार गारठा आहे, आज नको. तो कुशीत झोपला होता, मला उठवावंसं वाटलं नाही. चार दिवसांनी गेला."

घोडा मला आठवला. त्या सकाळची त्याची वाफ आठवली. चार वर्षांत ती सकाळ डोक्यातून कशी पुसली गेली होती?

"मला वाटायचं, तुम्ही माझ्यामुळं त्याचं नाव घेत नाही," ती म्हणाली. "मला बघवत नसेल तुम्हाला, म्हणून कामावर जाऊन बसता."

"आणि मला वाटायचं..."

 तीच मला थोपटत राहिली. आजारी ती, थोपटून घेणारा मी. होडीवर पाऊस वाजत होता आणि आम्ही एबेनबद्दल बोललो. त्याच्या डाव्या कानाची पाळी कशी दुमडलेली होती. जांभई देताना तो कसा दचकायचा. संध्याकाळपर्यंत बोललो. चार वर्षांचं साठलेलं होतं.

९ मे
केझायाचा ताप उतरला. पहाटेपासून वारा फिरलाय, दक्षिणेचा. बर्फ गडगडल्यासारखा आवाज करतोय.

टॅल्कटनं विचारलं, "तुमची परतीची नाव कधी?" मी म्हणालो, परवा. तो डाव्या हातानं माझ्या बुटाचा सुटलेला टाका घालत बसला. वेडावाकडाच पडला.

११ मे
सकाळी सातला बर्फ फुटला. डोळ्यांदेखत ढिगाच्या मधोमध काळं पाणी उघडलं, गाडी जाईल एवढं, मग दोन गाड्या जातील एवढं. कप्तान ओरडत होता, लवकर चढा, हे परत मिटेल. धक्क्यावर पळापळ. मी पेटी चढवली, मैद्याचं पोतं चढवलं, केझायाचा हात धरून तिला फळीवरून वर नेलं आणि खाली उतरायला वळलो.

तिनं माझी बाही धरली नाही. एवढंच म्हणाली, "ऑर्फाला सांगा, मी बरी आहे."

फळीच्या मधोमध मी थांबलो. खाली खलाशी खेकसला, "अहो, वर की खाली?"

"कागद आहे का कुणाकडं?" मी विचारलं. धक्क्यावरच्या एका कारकुनानं दिला. फळीवर उभ्या उभ्याच लिहिलं: 'ऑर्फा, आई बरी आहे. मीही तिच्याबरोबर जातो. दुकानाला कुलूप घाल. एबेनच्या इथलं गवत तू आणि लूथर बघा. बाबा.' कारकुनाकडं देऊन वर चढलो.

मला अजूनही त्या सोन्यावर विश्वास नाही. ओहायोत कोण पिंपं घेईल माहीत नाही. जहाज हलतंय, अक्षर वाकडं येतंय. दोन्ही बाजूंनी बर्फ घासत जातोय आणि प्रत्येक घासणीला मी दचकतो.  केझायानं शालीचं एक टोक माझ्या खांद्यावर टाकलंय आणि ती विचारतेय, ओहायोत ओक मिळतो का?

मिळत असेल, असं म्हणालो.